साहेबांची वंशावळ आणि आमची थोरली

माझा नवरा पाइपांची चित्रं काढतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'सीनियर पाइपिंग डिझायनर' असं काहीतरी भारदस्त लिहिलेलं आहे, पण लग्न ठरताना मी आईला पाइपांची चित्रं एवढंच सांगितलं होतं आणि अजूनही मला त्यातलं फारसं जास्त कळत नाही. तो रविवारी दुपारी शारजाहून रुवैसला जातो, आठवडाभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी धुण्याची पिशवी घेऊन अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये उगवतो. मुलीची शाळा आणि माझी नोकरी इकडे, त्याची रिफायनरी तिकडे. संसाराची ही अशी वाटणी आमच्या अंगवळणी पडली आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका शुक्रवारी धुण्याच्या पिशवीबरोबर एक जाडजूड फाइल घरात आली. ती त्याच्या साहेबांची होती. साहेब स्कॉटलंडचे, प्रोजेक्ट मॅनेजर, निवृत्तीला टेकलेले, उन्हाने लालबुंद झालेले आणि एकटे. हा माणूस एका जुन्या उमराव घराण्यातला आहे याचा रुवैसमध्ये कोणाला पत्ताही नव्हता. ते धाकट्या पातीतले, त्यामुळे नावामागे किताब नाही की पुढे जमीन नाही. घराण्याच्या किल्ल्याचं छप्पर केव्हाच उडालं आणि आत आता मेंढ्या चरतात, हे ते स्वतःच हसत सांगायचे. पण गावी परत जाताना त्यांना एक गोष्ट बरोबर न्यायची होती. मूळ पुरुषापासून आजपर्यंतची सगळी वंशावळ, एका मोठ्या कागदावर. गावच्या सभागृहात उरलेसुरले नातेवाईक जमणार होते, तिथे भिंतीवर लावायला. आणि त्यांच्या मते ऑफिसात सगळ्यात स्वच्छ ड्रॉइंग माझ्या नवऱ्याचं.

"हो म्हणून बसलास ना?" मी विचारलं.

"अगं, साहेब आहेत, नाही कसं म्हणणार? आणि इझी आहे. लाइन डायग्रामच तर आहे."

इझी कसलं! पुढचे कित्येक शनिवार आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या घराण्याने ठाण मांडलं. पोह्यांच्या बशा बाजूला सारून मी कागद वाचायचे आणि तो लॅपटॉपवर रेघा ओढायचा. अमक्याचा मुलगा तमका, त्याची बायको अमक्या घराण्यातली, मुलं एवढी. वाचता वाचता मला त्या मंडळींची गोडी लागली. मूळ पुरुषाला लढाईतल्या मदतीबद्दल राजाकडून जमीन मिळाली होती. त्याआधी तो काय करत होता याबद्दल मात्र कागद गप्प, आपल्याकडच्या सरदार घराण्यांत असतात तसेच. पुढे गुरं पळवण्यावरून शेजारच्या घराण्याशी पिढ्यानपिढ्या हाणामाऱ्या. मग एकाने चुकीच्या राजाची बाजू घेतली आणि जमीन, किताब सगळं जप्त झालं. ते त्याच्या विधवेने अर्ज-विनंत्या करकरून मुलासाठी सोडवून आणलं. एका पिढीत मुलगाच नव्हता, तर किताब सरळ मुलीकडे गेला. हे वाचल्यावर मी थांबले आणि नवऱ्याला म्हटलं, "ऐकलंस?" त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही.

नावांचा मात्र नुसता गोंधळ होता. थोरल्याला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे दर पिढीला तीच दोन नावं आलटून पालटून.

"Mumma, didn't they know any other names?" मुलगी सोफ्यावरून म्हणाली. ती तेव्हा सातवीत होती आणि तिला यात एवढाच रस होता.

एका बाईच्या नावाखाली मी अडखळले. तिच्या मुलांत एकच नाव लागोपाठ तीनदा लिहिलेलं होतं. मला वाटलं टाइप करताना चूक झाली असेल. नवऱ्याने साहेबांना मेसेज टाकला. उत्तर आलं, चूक नाही. पहिला लहानपणीच गेला म्हणून दुसऱ्याला तेच नाव ठेवलं, तोही गेला, मग तिसऱ्याला तेच. तिसरा जगला आणि पुढे घराण्याचा प्रमुख झाला. "त्या काळी असंच करायचे," साहेबांनी लिहिलं होतं.

मी चहा तसाच ठेवून उठले. आमच्या मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यातच झाली, थोडे दिवस हॉस्पिटलमध्ये होती आणि बारशाच्या आतच गेली. तिच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव, एवढीच तिची ओळख. माझे टाके ओले होते, मला उठू दिलं नाही. नवरा आणि बिल्डिंगमधले दोघे तिला इथल्या स्मशानभूमीत घेऊन गेले. एवढ्या लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. संध्याकाळी तो परत आला, अंघोळ केली आणि माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानंतर आम्ही तिच्याबद्दल कधी बोललो नाही. दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, "तीच परत आली गं." मला ते मुळीच पटलं नव्हतं. ही ही होती आणि ती ती होती.

ड्रॉइंग पूर्ण झालं. ऑफिसच्या प्लॉटरवर त्याची सतरंजीएवढी प्रिंट निघाली आणि ती बघायला साहेब एका शनिवारी आमच्याकडे जेवायला आले. हाताने वरण-भात खायचा त्यांनी नेटाने प्रयत्न केला, शेवटी मी चमचा दिला. मग हॉलमध्ये जमिनीवर कागद पसरला आणि ते चक्क त्यावर ओणवे झाले. बोट एकेका रेघेवरून खाली येत होतं. तीन मुलांना एकच नाव ठेवणाऱ्या त्या बाईपाशी ते थांबलं.

"हिची मुलं कुठे गेली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

कागदावर तिला एकच मुलगा होता. ते वर गेले, खाली आले. सगळीकडे तेच. लहानपणी गेलेली सगळी मुलं ड्रॉइंगमधून गायब होती.

नवरा गोंधळला. मग त्याने समजावून सांगितलं. त्यांच्या कामात एखादी पाइपलाइन पुढे कुठेच जात नसेल तर तिला डेड लेग म्हणतात. तसा तुकडा ठेवायचा नसतो, त्यात तेल साचून राहतं आणि पाइप आतून गंजतो. म्हणून ड्रॉइंग सोडण्याआधी तो नेहमी तसले तुकडे काढून टाकतो. इथेही साफसफाई करताना, ज्या रेघा पुढे कुठे जात नव्हत्या, त्या हाताच्या सवयीने त्याने काढून टाकल्या.

साहेबांना हे बरोबर कळलं, तेही त्याच धंद्यातले. ते रागावले नाहीत. "जिथपर्यंत गेल्या तिथपर्यंत दाखव," एवढंच म्हणाले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी ती सगळी नावं तोंडपाठ म्हणून दाखवली. लहानपणी चर्चला चालत जाताना त्यांची आई त्यांच्याकडून ती घोकून घ्यायची. त्यातल्या एका ठिकाणी नावच नव्हतं. नुसतं 'एक मुलगी, तान्ही असताना गेली'.

"नाव नसलं तरी लिहायचं?" मी विचारलं.

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जन्मली होती ना," ते म्हणाले.

मी श्रीखंड आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज उघडून उभी राहिले. मला नवऱ्याचा भयंकर राग आला होता. साहेबांच्या घराण्यातली मुलं पुसली म्हणून नाही. इतक्या सहज पुसली म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्याने सगळ्या रेघा परत घातल्या. साहेब कागदाची गुंडाळी घेऊन गेले, निवृत्त झाले, सभागृहातल्या भिंतीचा फोटोही आला. तो फोटो आम्ही कौतुकाने पुण्याला मोठ्या दिरांना पाठवला आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करत होते. त्यातले तक्ते आता माझ्या नवऱ्यानेच काढायचे असं ठरलं. पुन्हा शनिवार, पुन्हा पोहे, पुन्हा मी वाचणार आणि तो रेघा ओढणार. फक्त या वेळी माणसं आमची होती.

वाचत वाचत मी आमच्यापर्यंत आले. नवऱ्याचं नाव, माझं नाव, आणि खाली 'अपत्य: एक कन्या'. मी ते मोठ्याने वाचलं. नवऱ्याने एक रेघ ओढली.

मी सरळ पुण्याला फोन लावला.

"भाऊजी, आम्हाला दोन मुली."

भाऊजी मनाने वाईट नाहीत, नियमाचे पक्के आहेत. "अगं, मला का कळत नाही?" ते म्हणाले. "पण बारसं झालं नव्हतं तिचं. नाव नाही, तर लिहू काय? आणि मग प्रत्येकानेच सांगायला घेतलं तर? आजीची चार गेली, काकूची दोन..."

"मग लिहा की त्यांनाही!"

"नावं कुठून आणू? नाव असतं ना, तर मी नक्की घातलं असतं. खरंच सांगतो."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी काही मागितलं नव्हतं. मला थडगं नको होतं, फोटो नको होता, श्राद्ध नको होतं. कुठल्यातरी एका कागदावर ती आमची पहिली मुलगी होती एवढं लिहून हवं होतं. तेही मिळणार नव्हतं, कारण आम्ही तिला नाव द्यायच्या आत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा रुवैसला निघायची तयारी करत होता. मी दारातच विषय काढला. त्याने एकदा मुलीच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जाऊ दे ना. दादाचं पुस्तक आहे, त्याचे रूल्स आहेत. आता खलास कर हा विषय."

"खलास? डेड लेगच आहे ना तुझ्या हिशेबात ती? काढून टाकली की ड्रॉइंग क्लीन!"

हे बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. तो बुटांच्या रॅकवर बसला, एक मोजा पायात आणि एक हातात. मग त्याने स्वतःचा फोन काढला, भावाला लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा, थोरलीचं नाव लिहून घे," तो म्हणाला. आणि त्याने नाव सांगितलं.

ते नाव मी सुचवलेलं होतं. पोटुशी असताना, गाडीत. तेव्हा तो हसला होता, हे काय जुनाट नाव, म्हणाला होता, आणि मी रुसून बसले होते.

"अरे, पण बारसं..." भाऊजींनी सुरुवात केली. "असं मागाहून नाही ना चालत. कधी ठेवलंस हे नाव?"

"त्याच दिवशी. स्मशानात." नवरा खाली फरशीकडे बघत बोलत होता. "खड्डा खणून झाला होता. बिननावाची कशी ठेवू रे तिला? तिथे आत्या कुठून आणणार? मीच सांगितलं तिच्या कानात."

फोनमधून भाऊजींनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. "लिहितो," ते म्हणाले. "धाकटीच्या आधी लिहितो." आणि त्यांनी फोन ठेवला.

इतकी वर्षं माझ्या मुलीला नाव होतं आणि ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. तो तिला मनातल्या मनात नावाने हाक मारत असेल आणि मी शेजारी पडून नुसतं 'ती' म्हणत होते. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आधी वाटलं तू विचारशील, तिथे काय झालं ते. तू विचारलंच नाहीस. मग मला धीर होईना."

खरं होतं, मी विचारलं नव्हतं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मी तिला पाहिलं होतं ते काचेतून, आणि तिच्या तोंडा-नाकावर नळ्या आणि चिकटपट्ट्या होत्या. तिचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नाही. त्याने पाहिला होता.

"कशी होती रे ती?" मी विचारलं.

त्याने हातातला मोजा गुडघ्यावर ठेवला.

"पट्ट्या काढल्यावर दिसली," तो म्हणाला. "तुझ्यासारखी होती."