पाचशे दोन आणि अध्यक्षांचा फोटो

ज्या कॉलेजने मला आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं, त्यानेच पुढे संगणक विभागात नोकरी दिली. त्यामुळे संस्थेविषयी वाकडं लिहायला हात धजत नाही. घडलं तेवढंच सांगतो.

परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून आमच्या साइटवर ‘५०२ बॅड गेटवे’ एवढंच दिसत होतं. प्राचार्यांना मी समजावलं, की पुढचा रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे साहेबांच्या दाराशी बसलेला शिपाई. तो अर्ज आत नेतो, उत्तर बाहेर आणतो. आतून उत्तरच येत नाही, म्हणून बिचारा तसं सांगतोय.

"मग त्याला नीट बोलायला सांगा," प्राचार्य म्हणाले. संस्थेच्या नावाखाली ‘बॅड’ हा शब्द अध्यक्षांना खटकला होता.

मी त्या जागी अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो लावला, खाली ‘कृपया थांबा’. लगेच तक्रारींचे फोन थांबले. प्राचार्यांनी दुरुस्ती झाल्याचं जाहीर करून स्टाफरूममध्ये चहा मागवला.

माझ्या टेबलापुढे ढाणकी गावाकडची एक विद्यार्थिनी मात्र उभीच होती. तिच्याही घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. पाचला मुदत संपली की तिचं वर्ष गेलं.

"सर, फोटो चांगला हाय," ती म्हणाली, "पण मी फॉर्म कुठं भरू?"

मी एरर लॉग, म्हणजे शिपायाची बिघाडांची नोंदवही, उघडला. शिपाई सारखा एकाच पत्त्यावर जात होता आणि तिथे कोणी नव्हतं. तेव्हा उद्घाटन आठवलं. आदल्या संध्याकाळी अर्जांच्या नव्या सर्व्हरची फीत कापायची होती. सोफा आणि एसी अध्यक्षांच्या केबिनमध्ये, म्हणून ते मशीन हार घालून तिकडे नेलं. माझ्याकडे समईचं काम होतं. फोटो झाले, पाहुणे गेले, मशीन तिथेच राहिलं. केबिनच्या राउटरने त्याला नवा पत्ता दिला आणि शिपायाला कोणी कळवलं नाही.

राउटरमध्ये नवा पत्ता शोधला, प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये घातला, तपासून रीलोड केलं. फोटो गेला, अर्ज उघडला. पोरीने भरला, पावती दोनदा वाचली आणि मैत्रिणींना फोन लावायला बाहेर पळाली.

इतक्यात अध्यक्षांचा फोन आला.

"माहा फोटो काहून गेला? साइट पुन्हा बिघडली काय?"

पाहून राह्यलो साहेब, म्हणालो. पाच वाजेपर्यंत पाहतच राहिलो. मुदत संपल्यावर फोटो परत लावला, आणि साइट सुरू केल्याबद्दल अध्यक्षांनी माझं अभिनंदन केलं.