रफूगराची गाठ

सिंदेवाहीच्या बाजारात इब्राहीमभाऊंचं रफूचं दुकान. दुकान कसलं, एक खाट आणि सुयांचा डबा. पण हात असा, की फाडणाऱ्यालाही फाटलेली जागा सापडू नये. बायको शकिला प्रत्येक कपड्यावर बोटं फिरवायची, हरायची आणि विचारायची, "कुठी होतं जी?" भाऊंची खरी मजुरी तीच. शकिलाला जाऊन चार वर्षं झाली. आता गिऱ्हाईक कपडा उचलतं आणि चालू लागतं.

मग मानेत गाठ आली. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची मेहेरबानी. चंद्रपूरला पहिल्या खेपेचे किरणांचे शेक झाले, गाठ हटली नाही. डॉक्टर रीता इकडच्याच, धान लावणाऱ्या घरातल्या. त्यांनी समजावलं, "भाऊ, किरणांनं गाठीतल्या पेशींचे धागे तुटतात. पण तुमच्या पेशी लय चिवट. तुटलेलं पुन्हा जोडून घेतात. आता शेकासंगं एक नवी गोळी देऊन पाहू. ते जोडणंच थांबवते. चाचणीतली आहे, हमी नाई."

"म्हंजे रफू बंद," इब्राहीमभाऊ म्हणाले.

"तेच समजा."

डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक, घरी येऊन या माणसानं सुयांचा डबाच बंद केला. गळ्यातलं रफू थांबवायचं आणि आपण इथं रफू करत बसायचं, ही त्यांना बेइमानी वाटली. शहाण्या माणसाला असला वेडेपणा सुचतो, कारण घरात "काऊन जी?" म्हणून कारण विचारणारं कुणी नसतं. काम नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून बोलणं नाही. सहा आठवडे एसटीनं जा-ये, गळ्याभोवती शकिलाची शाल. पहिल्याच दिवशी ती सीटच्या पत्र्याला अडकून फाटली. कंडक्टर हसला, "काऊन भाऊ, रफूगराचीच शाल फाटकी?" भाऊंनी फाटकी बाजू आत दुमडली. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, ते पुसायलाही तीच शाल.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मानेवर बोटं फिरवली. वर, खाली, पुन्हा वर. मग हसून म्हणाल्या, "कुठी होती जी?"

इब्राहीमभाऊ हुंदके देऊन रडायला लागले. डॉक्टर गोंधळल्या. "भाऊ, चांगलं झालं ना! तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, पण आज गाठ हाताले लागत नाई."

घरी येऊन त्यांनी डबा उघडला. शालीच्याच काठातून धागा काढून भोक भरलं. संध्याकाळपर्यंत जागा त्यांची त्यांनाच सापडेना. सवयीनं त्यांनी शाल समोर धरली आणि थांबून राहिले.

कुणी काही विचारलं नाही.