प्राणेशअण्णांनी पुसलेली ब्रांच

प्राणेशअण्णा माउसला हात लावत नाहीत. आल्या आल्या तो उलटा करून खणात टाकतात.

ओल्या रुमालाने कीबोर्ड पुसतात. मग तोच रुमाल नाकाशी नेतात आणि तोंड वाकडं करतात.

कपाळावरची अंगाऱ्याची उभी काळी रेघ फोनच्या बंद पडद्यात बघून सारखी करतात.

कॅन्टीनचं सांबार वाटीत घेतात. त्यावरचा तवंग चमच्याने बाजूला सारत बसतात. शेवटी ती वाटी तशीच ठेवून घरचा दहीभात खातात.

दुसऱ्यांनी ठेवलेली ब्रांचची नावं मोठ्याने वाचतात. ‘फायनल’, ‘फायनल-टू’, ‘फायनल-टू-वेंकट’. प्रत्येक नावानंतर “शी” म्हणतात.

कीर्तीला हे सगळं आवडायचं. नांदेडला मराठीत एम.ए. झालेली ही मुलगी. वडिलांची बदली आवडी या गावच्या संरक्षण कारखान्यात झाली म्हणून चेन्नईला आली आणि अड्यारच्या या कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायला लागली. पहिल्याच आठवड्यात ती फोनवर आईशी बोलत असताना शेजारच्या टेबलावरून आवाज आला होता, “मराठीत भांडतीस कां गं? किती दिवसांनी ऐकलं.” अण्णा तंजावरकडचे. त्यांची मराठी जुनी, अधूनमधून तमिळ, हेल तर पुरता तमिळ. कीर्तीला वाटलं, आपल्याला इथे एक माणूस मिळाला.

कंपनी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. गाड्यांचे सुटे भाग करणारी यंत्रं कशी चालली आहेत, हे त्यात दिसतं. पंचवीस-तीस जण एकाच कामावर हात चालवतात. त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून ते काम ‘गिट’मध्ये ठेवलेलं असतं. मुख्य कामाला मेन म्हणतात. ज्याला काही नवं करायचं असेल त्याने मेनपासून आपली ब्रांच काढायची, तिथे काम करायचं, जमलं की ते मेनमध्ये मिसळायचं. मग ब्रांच पुसायची. ही पुसापुशी अण्णांकडे होती. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची, एंटर मारायचा. बटणं आणि चित्रं असलेली साधनं त्यांना चालत नसत.

कीर्तीच्या पुस्तिकाही गिटमध्येच ठेवायच्या होत्या. तेव्हा अण्णांनीच तिला शिकवलं.

“हें बघ मा. पुसायच्या दोन रीती आहेत. एक सभ्य. ब्रांचमधलं काम मेनमध्ये पोचलं नसेल तर गिट पुसूं देत नाही. अडवतं. दुसरी जबरदस्तीची. ती कांही विचारत नाही.”

“मग सगळे सभ्यच रीत वापरत असतील.”

“इथें?” अण्णा हसले. “इथें सगळे दांडगे. कां तें सांगूं?”

त्यांनी सांगितलं. माणूस काम करतो ते एकेक पायरीने. प्रत्येक पायरी त्याच्या नावानिशी नोंदली जाते. पण या कंपनीत पद्धत अशी की मेनमध्ये घालताना सगळ्या पायऱ्या दाबून त्यांचा एकच गोळा करायचा. मेन नीटनेटका दिसतो. गोळ्यावर नाव मात्र ज्याने दाबला त्याचं. आणि गिटला त्या गोळ्यात जुन्या पायऱ्या ओळखूच येत नाहीत. त्याला वाटतं, हे काम अजून पोचलंच नाही. म्हणून ते प्रत्येक वेळी अडवतं, आणि हे प्रत्येक वेळी जबरदस्ती करतात.

“रोज त्याचं तोंड दाबायचं,” अण्णा म्हणाले. “आतां तें खरंच अडवतंय की उगीच, कोण बघतो? घाण सवय. मलाही लागली.”

कीर्तीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस स्वतःच्या तोंडाने आपली घाण सांगतो, तेव्हा तो स्वच्छच वाटतो.

रंजनी अण्णांच्या नात्यातली. लांबची, पण तंजावरकडच्या या मराठी लोकांत लांबचं नातं नसतंच. तिची आई भवानी अण्णांची चुलत-चुलत बहीण, म्हणून रंजनी त्यांना मामा म्हणायची. कंपनीत तिला चिकटवलं तेही त्यांनीच. ती करारावर होती. वर्षअखेरीच्या आढाव्यात काम दाखवायचं, मग कायम व्हायचं, असं ठरलेलं. वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांकडून येणारी माहिती एकाच पद्धतीने वाचायची, हे काम तिने एकटीने केलं. पोट पुढे आलेलं असताना खुर्ची लांब सारून, हात ताणून टाइप करायची. काम पुरं झालं तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. कंपनीचा लॅपटॉप जमा केला. तो नियमाप्रमाणे पुसून दुसऱ्याला दिला गेला. तिची ब्रांच मेनमध्ये मिसळायची तेवढी राहिली होती.

ती वेंकटने मिसळली. वेंकट गटाचा प्रमुख. त्याने सगळ्या पायऱ्या दाबून गोळा केला आणि त्यावर त्याचं नाव आलं. मग तो अण्णांच्या टेबलाशी आला. हातात वडा होता.

“अण्णा, रंजनीची ब्रांच काढून टाका.”

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. “तिला कळवलं?”

“बाळंतिणीला काय कळवायचं? काम मेनमध्ये आलंय ना? साफसफाई तुमचं खातं.” वेंकटने चटणीचं बोट अण्णांच्या टेबलाच्या कडेला पुसलं. “तुम्हाला पसारा आवडत नाही म्हणून सांगतोय.”

कीर्ती शेजारीच होती. अण्णांनी आधी सभ्य रीत वापरली. गिटने अडवलं. त्यांनी मागे वळून वेंकटकडे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता. अण्णांनी जबरदस्तीची आज्ञा लिहिली. आधी स्वतःच्या यंत्रावरून, मग सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून. एंटर. एंटर.

“सेरी,” ते म्हणाले. झालं.

वेंकट गेल्यावर त्यांनी टेबलाची कड पुसली. खूप वेळ पुसत होते.

त्याच रविवारी रंजनीच्या मुलीचं बारसं होतं, पश्चिम मांबलममध्ये. कीर्तीलाही बोलावणं होतं. केळीच्या पानांवर पंगत बसली. अण्णा तिच्या शेजारी. त्यांनी डांगर पच्चडी, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, दोनदा मागून घेतली. भवानीबाई वाढता वाढता म्हणाल्या, “अण्णा, तुमच्यामुळें पोरीचं चांगलं झालं.” अण्णांनी मान खाली घालून भात कालवला.

रंजनी बाळ घेऊन बाहेर आली. डोळ्यांखाली काळं होतं, पण हसत होती.

“मामा, माझी ब्रांच आंत गेली कां?”

“गेली,” अण्णा म्हणाले. “सगळं आंत गेलं.”

“मिसळतांना कांही अडलं नाही?”

“कांही नाही. तूं जेवलीस कां?”

कीर्तीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. अण्णांच्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता. तिने पाण्याबरोबर तो घास खाली ढकलला. शेजारी अण्णा बोटं चाटत होते. कोपरापर्यंत ओघळ आला होता, तोही त्यांनी चाटला. हा माणूस दुसऱ्याच्या चमच्याला हात लावत नाही, असं ती आजवर कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

दोन-तीन आठवड्यांनी आढावा जवळ आला. रंजनीचा फोन आला. ती रडत नव्हती. आवाज सपाट होता.

“कीर्ती, मनुष्यबळ विभागातून विचारलंय. या वर्षी माझ्या नावावर काम काय आहे, म्हणून. त्यांना कांही दिसत नाही म्हणे. सोमवारी दुपारी बैठक आहे. तोपर्यंत कांही दिसलं नाही तर करार संपला.”

“अण्णांना विचारलंस?”

“मामांनी फोन उचलला नाही.”

कीर्ती श्रीविद्याकडे गेली. मनुष्यबळ विभागाची श्रीविद्या सरळ बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मी प्राणेशना लेखी विचारलं होतं,” ती म्हणाली. “रंजनीच्या नावाची एखादी ब्रांच आहे का? त्यांनी ‘नाही’ असं कळवलं.”

“नाही, कारण त्यांनीच पुसली.”

“तू पाहिलंस?”

“पाहिलं.”

“कीर्ती, तू पुस्तिका लिहितेस. तुझ्या शब्दावर मी वेंकटसमोर काय बोलू? मला पडद्यावर दाखव. सोमवारच्या आत. मग मी बोलते.”

कीर्तीकडे दाखवायला काही नव्हतं. तिला फक्त पुस्तिकांचा साठा उघडता येई. यंत्रांचं काम तिला बंद होतं. ती शुक्रवारी संध्याकाळी अण्णांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. बाकीचे निघाले होते. वातानुकूलन बंद झालं होतं आणि गालिच्यातून दमट, आंबूस वास येत होता.

“अण्णा, ती ब्रांच परत येते का?”

ते रुमालाने कीबोर्ड पुसू लागले.

“तुम्ही श्रीविद्याला ‘नाही’ लिहिलंत.”

“नव्हतीच. म्हणून ‘नाही’ लिहिलं.”

“बारशाला डांगर दोनदा घेतलीत.”

अण्णांनी मान वर केली. त्यांचा चेहरा थोबाडीत खाल्ल्यासारखा झाला. मग त्यांनी काळी खिडकी उघडली आणि हळू आवाजात बोलू लागले, जणू पुन्हा शिकवणीच चालली होती.

“गिट लगेच कांही टाकत नाही मा. ब्रांच पुसली म्हणजे नुसतं नांव पुसलं. खालचं काम कांही दिवस तसंच असतं. कुठें काय होतं, त्याची यादी माझ्या यंत्रावर राहते. महिन्याभराने तें झाडून काढतं. अजून झाडलं नाही.”

त्यांनी यादी काढली. अक्षरं-आकड्यांची एक खूण शोधली. त्या खुणेवर रंजनीच्या ब्रांचचं नाव पुन्हा ठेवलं. एंटर मारला. आणि ती आली. एकाखाली एक पायऱ्या, प्रत्येकीपुढे रंजनीचं नाव, तारीख, तिने लिहिलेली टीप. एका टिपेत लिहिलं होतं, ‘आज एवढंच. पाठ फार दुखतेय.’

कीर्तीला वाटलं होतं, हे अवघड असेल. त्याला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. इतके दिवस, रोज, कुठल्याही क्षणी हे करता आलं असतं.

“आतां ही फक्त माझ्या यंत्रावर आहे,” अण्णा म्हणाले. “सगळ्यांना दिसायची तर वर ढकलायला पाहिजे.”

त्यांनी ओळ लिहिली:

git push origin ranjani-yantra

हात कीबोर्डवर तसेच राहिले.

“मारा ना एंटर.”

“ढकलली की कोणी ढकलली तें दिसतं,” अण्णा म्हणाले. “मागच्या वर्षी माणसं कमी केली, तेव्हां माझं नांव यादीत होतं. वेंकटने काढलं. तो तें विसरूं देत नाही. या वयांत मला कोण घेतो? काळी खिडकी वापरणारा म्हातारा.”

“आणि रंजनी?”

“ती तरुण आहे. तिला दुसरीकडे मिळेल.”

कीर्ती पाहत राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. त्यांच्या मानेवर घाम होता, कॉलरच्या कडेला मळाची पिवळी रेघ होती. ती तिला आजवर कधी दिसली नव्हती.

“अण्णा, तुम्हाला याची किळस येत नाही?”

“येते,” ते म्हणाले. “रोज येते. त्याला काय करूं?”

त्यांनी पडदा कुलूपबंद केला. ओळ दिसेनाशी झाली. त्या यंत्राचा परवलीचा शब्द त्यांनाच माहीत. लॅपटॉप पिशवीत घातला, डबा घातला, चेन ओढली.

“सोमवारी सकाळी करतों. दुपारी बैठक आहे ना? सकाळी करतों मी.”

सोमवारी सकाळी कीर्ती लवकर आली. अण्णा आले. कीबोर्ड पुसला. लॅपटॉप उघडला. पडद्यावर तीच काळी खिडकी, तीच ओळ, शेवटच्या अक्षरापुढे लुकलुकणारी रेघ.

कीर्ती खुर्ची ओढून शेजारी बसली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दुसरी खिडकी उघडली आणि पहिलीवर ठेवली. बाकीच्यांच्या जुन्या ब्रांच पुसायला घेतल्या. एकेक नाव, एकेक एंटर. नाव मोठ्याने वाचलं नाही, “शी” म्हटलं नाही. भराभर पुसत होते.

“अण्णा,” ती म्हणाली.

“एवढं करतों आणि मग.”

जेवणाची वेळ झाली. त्यांनी डबा उघडला नाही, पुसतच राहिले. श्रीविद्या बैठकीच्या खोलीकडे जाताना दाराशी थांबली. तिने कीर्तीकडे पाहिलं. कीर्तीने अण्णांकडे पाहिलं. श्रीविद्या आत गेली. मागून वेंकट गेला, फोनवर हसत. दार बंद झालं. काचेआडच्या पडद्यावर रंजनीचा चेहरा आला, मांडीवर बाळ होतं.

बैठक फार चालली नाही. त्या पडद्यावर रंजनी काहीतरी सांगत होती. मग ऐकत होती. मग तिने मान हलवली आणि पडदा काळा झाला.

अण्णांनी तोवर सगळ्यांच्या ब्रांच पुसून साफ केल्या होत्या. वरची खिडकी त्यांनी बंद केली. खालची ओळ उघडी पडली, जशी शुक्रवारी लिहिली होती तशी. ते उठले आणि हात धुवायला गेले.