भिमाजी आप्पांची जाहिरात

निमोण्याच्या भिमाजी आप्पांचा नंबर आमच्या भागात कुणाच्याच मोबाईलमध्ये सेव्ह नसतो. विहिरीत पडलेली मोटर काढणं हा त्यांचा धंदा, आणि विहिरीत पडलेलं माणूस काढणं हे त्यांच्या गळ्यात पडलेलं काम. अशा माणसाचा नंबर जवळ ठेवला की घरावर तशी वेळ येते, असं इकडं पक्कं मानतात. लग्नाच्या आचाऱ्याचे चार-चार नंबर ठेवतील, पण आप्पांचा नाही. वेळ आली की मग ह्याला विचार, त्याला विचार. मला ह्या मूर्खपणाचा फार संताप येतो. पण खरं सांगायचं तर त्यांचा नंबर माझ्याही मोबाईलमध्ये नव्हता.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, आप्पांनी शेती धरली. आता ते बावन्न वर्षांचे आहेत. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. साठ-सत्तर फूट खोल विहिरीत दोराला धरून उतरतात आणि तळाला बुडी मारतात. माणूस काढलं तर पैसे घेत नाहीत. त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, एक टॉवेल घेतात आणि निघतात. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी मुक्ताकाकू अंगणातच त्यांच्या डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओततात, मग ते उंबरा ओलांडतात. घर चालतं ते मोटरींवर.

गेल्या वर्षी मोटरींचं काम आटलं. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाची मोटर पडली तर तो आता पारावर विचारायला जात नाही, विहिरीच्या काठावर बसूनच मोबाईलवर शोधतो. जो वर दिसेल त्याला फोन. आप्पा कुठंच दिसत नव्हते. शिरूरच्या स्टँडमागं माझं ई-सेवा केंद्र आहे. सात-बारा, दाखले आणि हल्ली लोकांच्या धंद्याच्या मोबाईलवरच्या जाहिराती, असं सगळं मी करतो. एक दिवस आप्पा आणि मुक्ताकाकू माझ्यासमोर येऊन बसले.

"सत्यजीत, मोबाईलमधी वर यायचं तर काय करावं लागतं?" आप्पांनी विचारलं.

मी दोन वाटा सांगितल्या. पहिली जाहिरातीची. आपण शब्द विकत घ्यायचे. कुणी तो शब्द शोधला की आपण सगळ्यांच्या वर. पैसे थांबले की गायब. दुसरी सावकाशीची, तिला एसईओ म्हणतात. धंद्याची नीट पाटी लावायची, गावोगावचे फोटो टाकायचे, ज्यांचं काम केलं त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या. पाच-सहा महिने काहीच दिसत नाही. मग लोकांनी आपल्याबद्दल जे जे लिहिलं असेल, ते शोधणाऱ्याला आपण हळूहळू सापडायला लागतो.

"मंग लोकांनी लिव्हल्यालंच बरं की," मुक्ताकाकू म्हणाल्या. "आपलं आपण काय सांगायचं? त्यास्नी ठावं हाय ह्यांनी काय काय काढलंय ते."

"काकू, सहा महिने खाणार काय?" मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण जाहिरातीवर मला दर महिन्याला माझा वाटा मिळतो आणि दुसऱ्या वाटेत नुसती डोकेफोड असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आप्पांनी जाहिरात निवडली, म्हणजे मीच ती त्यांच्या गळी उतरवली.

मग शब्द ठरवायला बसलो. विहिरीतली मोटर काढणे, तुटलेला पाईप काढणे, अडकलेली केबल काढणे. मी टाईप करता करता थांबलो. "आप्पा, माणसाचं टाकायचं का?"

आप्पा तोंड उघडायच्या आत मीच पुढं बोललो. "नको. मोटरवाल्यांना अभद्र वाटेल. ते वाचून कोण फोन करील?"

"व्हय, नगंच," आप्पा म्हणाले. "लोक आधीच तोंड फिरवत्यात."

मुक्ताकाकूंनीही मान हलवली. पाच मिनिटांत आम्ही तिघांनी मिळून ते काम पुसून टाकलं. सावकाशीचं नंतर बघू म्हणालो आणि ते नंतर कधी आलंच नाही.

जाहिरात मात्र चालली. आप्पांना कोरेगाव भीमापासून फोन यायला लागले. डिसेंबरात दौंडच्या अलीकडून जयसिंग नावाच्या शेतकऱ्याचा आला. त्या भागात आप्पांना कुणी ओळखत नव्हतं. जयसिंगनं मोबाईलवर मोटरवाला शोधला, आप्पा वर दिसले, त्यानं बोलावलं. आप्पा सकाळीच गेले.

त्याच दिवशी दहाच्या सुमारास तिथून दोन शेतं पलीकडं सविता नावाची बाई विहिरीत पडली. नवरा-बायको परभणीकडचे. नवरा इंद्रजीत कंपनीत कामाला, आणि एका शेतमालकाच्या मळ्यातल्या खोलीत फुकट राहायचं म्हणून सविता मोटर चालू-बंद करायची. काठाचा दगड निसटला आणि ती आत गेली. पण बुडाली नाही. मोटरीचा पाईप तिच्या हाताला लागला, तो तिनं धरला. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. चार-पाच माणसं जमली, त्यांनी दोर सोडला, पण दोर कमरेला बांधायचा तर पाईप सोडावा लागणार होता. खाली उतरणारं कुणी नव्हतं. इंद्रजीत काठावरून तिच्याशी बोलत होता आणि मोबाईलवर शोधत होता. पहिला नंबर लागला तो पुण्याजवळच्या कुठल्याशा बचाव टीमचा. ते म्हणाले, निघालो. मग सगळे त्यांची वाट बघत राहिले.

मधे उभा ऊस होता आणि जयसिंगच्या बांधावर ट्रॅक्टर धडधडत होता. त्यामुळं इकडची ओरड तिकडं गेली नाही. तासाभरानं एकजण ट्रॅक्टर मागायला पळत आला, तेव्हा आप्पांना कळलं. ते उसातून धावत गेले. सविताचे हात नुकतेच सुटले होते. आप्पांनी तिला दुसऱ्या बुडीत वर आणलं, पण उपयोग झाला नाही. इंद्रजीत आप्पांच्या ओल्या अंगाकडं बघत एवढंच विचारत राहिला, "तुम्ही इथंच होता? मग मोबाईलवर का नाही आलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा माझ्या दुकानात आले आणि हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "इंद्रजीतनं मोबाईलमधी जे टाकलं व्हतं त्येच टाक."

मी टाकलं. विहिरीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणारे. यादी आली. आप्पा एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. तीन पानं झाली, त्यांचं नाव कुठं नव्हतं.

"आता मोटर टाक."

मोटर टाकली. पहिलंच नाव त्यांचं आलं.

"हाय की वर," आप्पा म्हणाले.

मी म्हणालो, "आप्पा, चूक माझी आहे. ते शब्द मीच नको म्हणालो. तुम्हाला काकूंची वाट धरू द्यायला हवी होती."

तुझी चूक नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी ते म्हणावं अशी माझी आशा होती याची मला आजही लाज वाटते. मी घाईघाईनं म्हणालो, आत्ता टाकतो, आत्ताच्या आत्ता टाकतो. आप्पांनी मान हलवली. मी टाईप करत असताना ते खिडकीबाहेर बघत होते.

"सत्यजीत," ते बोलले, "मोटर दहालाच निघाली व्हती. काम झाल्यालं. जयसिंग म्हणला, बसा, च्या घ्या. ती पायपाला धरून व्हती तवा मी च्या पीत व्हतो. बरा झाल्ता, म्हणून आनखी एक कप मागून घेतला रं मी."