निरोगी माणूस हवा आहे

दुकानदारांचे तराजू तपासण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या माणसाला लोक पाठीमागे ‘काटेसाहेब’ म्हणत. नाव टिंगलीचं होतं, पण साहेबांनी ते बिरुद समजून घेतलं आणि निवृत्तीनंतरही मिरवलं. वजनमापे खात्यात असताना आपण दुकानात पाय ठेवला की गल्ल्यावरच्या माणसाला घाम फुटायचा, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून त्यांनी माणसं तपासायला घेतली. न्हावी डावा कल्ला जास्त उडवतो. शेजारीण दार आपटते. जावई चमचा फावड्यासारखा धरतो. सगळ्यात कडक तपासणी अर्थातच बायकोची व्हायची, कारण ती कायम हाताशी असायची.

त्या बायकोचा डावा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर किणकिणायचा. साहेब वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “अगं, लक्ष कुठंय तुझं?”

पुढे हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायची, अदृश्य गोळी वळत असल्यासारखी. साहेबांनी निदान केलं, “मनाचा कमकुवतपणा. ठरवलंस तर थांबेल.” बाईंनी ठरवून पाहिलं. हात थांबला नाही. मग त्या एकट्याच डॉक्टरकडे निघाल्या, तेव्हा मात्र साहेब बूट घालून पुढे झाले. आपल्याशिवाय हिला काय सांगता येणार?

मेंदूच्या डॉक्टरांनी बाईंना चालायला लावलं, चुटक्या वाजवायला लावल्या आणि शांतपणे आजाराचं नाव सांगितलं : पार्किन्सन. कंपवात. औषधं लिहून दिली. साहेबांनी अशक्तपणावर एक छोटं व्याख्यान दिलं, तेही डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमच्याच इमारतीत या आजारावर संशोधन चालू आहे. एमआरआयनं मेंदूचे फोटो काढतात आणि तो वर्षागणिक कसा बदलतो ते बघतात. सुई नाही, काही नाही, फक्त पडून राहायचं. काकूंची इच्छा असेल तर जरूर जा. आणि हो, तुलनेसाठी त्यांना त्याच वयाची निरोगी माणसंही लागतात. काका, तुम्हीही जाऊ शकता.”

एवढ्या बोलण्यातला ‘निरोगी’ हा एकच शब्द साहेबांच्या कानात शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला.

“रोगी काय, कुणीही होतं,” न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते म्हणाले, “निरोगी माणूस शोधावा लागतो. डॉक्टरांनी एवढ्या माणसांतून मला हेरलं. माझा मेंदू ते नमुना म्हणून ठेवणार आहेत.”

“काढून?” न्हाव्यानं वस्तरा थांबवून विचारलं.

“फोटो, फोटो!” साहेब खेकसले. पण तेवढ्यानं त्यांची छाती आत गेली नाही. जिन्यात भेटेल त्याला, भाजी घेणाऱ्याला, भाजी विकणाऱ्याला ही बातमी कळली. बायकोला काय झालंय हे मात्र बऱ्याच जणांना कळलं नाही. साहेबांच्या गोष्टीत ती आपली ओघात यायची.

धाकटा भाऊ घरी आला तेव्हा त्यालाही ऐकावं लागलं. हा भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि काम संपलं की गळ टाकून नदीकाठी बसायचा. लग्न केलं नव्हतं. मासा लागला तर खूश, नाही लागला तरी तितकाच खूश. असल्या माणसाला साहेबांच्या मापात एकच शब्द होता : अर्धवट.

“दादा, त्या मशीनमध्ये अजिबात हलायचं नसतं म्हणे,” भाऊ म्हणाला. “आणि बोलायचंही नसतं.”

“मग?”

“काही नाही. आपलं विचारलं.”

बाई स्वयंपाकघरात होत्या. तिथून हसल्याचा आवाज आला, की भांडं वाजलं, ते कळलं नाही.

ठरल्या दिवशी दोघं त्या इमारतीच्या तळघरात गेले. भिंतीला पिवळा रंग, जाड लोखंडी दार, आणि दारावर धातू आत नेऊ नका म्हणून लाल अक्षरांत धमकी. संशोधन करणारी डॉक्टरीण अगदी तरुण होती, पायात साध्या चपला, केसांत पेन खोचलेलं. साहेबांना ती नातीच्या वर्गातली वाटली. तिनं बाईंना समोर बसवून प्रश्न सुरू केले.

“काकू, झोप कशी लागते?”

“उत्तम,” साहेब म्हणाले.

“चालताना तोल जातो?”

“मुळीच नाही,” साहेब म्हणाले. “रेंगाळते फक्त.”

“काका, मी काकूंना विचारतेय.”

“एकच आहे ते. तिचं सगळं मला माहीत असतं.”

डॉक्टरणीनं खुर्ची थोडी वळवून घेतली, त्यामुळे साहेबांच्या वाट्याला तिचा खांदा आला. “वास नीट येतो का, काकू?”

“अगदी व्यव—”

“नाही,” बाई म्हणाल्या. “कित्येक वर्षं झाली. हात हलायला लागला त्याच्या खूप आधीपासून.”

डॉक्टरणीनं मान हलवली. “या आजारात होतं तसं. हाताला कंप सुटण्याच्या बरीच वर्षं आधी वास जाऊ शकतो. म्हणून तर विचारतो आम्ही.”

घरी दूध करपायचं, डाळ लागायची, एकदा तर गॅस नुसताच चालू राहिला होता. दर वेळी साहेब दारात उभे राहून म्हणायचे, “नाक आहे की नुसती भोकं?” हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडायचं. पाहुण्यांसमोरही वापरायचे.

“मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, सर्दी असेल.”

साहेबांनी छताकडे पाहिलं. छताला दिवा होता. तो किंचित तिरका बसवला होता. त्यांनी तसं डॉक्टरणीला सांगितलं.

आधी बाई आत गेल्या. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं झाकण, कानात बोळे, उजव्या हातात रबरी चेंडू. काही त्रास झाला तर तो दाबायचा. मशीन सुरू झालं. ठकठक, घर्रर्र, मग कुणी पत्र्यावर हातोडा मारतंय असा आवाज. बाहेर काचेपलीकडे पडद्यावर बाईंचा मेंदू उमटायला लागला, करडा, घड्या घड्यांचा. मशीन चालवणारा माणूस म्हणाला, “सुरेख! डोकं जागचं तसूभर हललेलं नाही.”

“पण हात हलतोय की तिचा,” साहेब म्हणाले.

“हात हलू दे हो. आम्हाला डोकं स्थिर हवं.”

थोड्या वेळानं तो हातही थांबला. डॉक्टरणीनं माइकवरून हळूच विचारलं, “काकू, झोपलात की काय?”

झोपल्याच होत्या. बाहेर आल्या तेव्हा गालाला रंग चढला होता. “बरं वाटलं गं,” त्या म्हणाल्या. “आवाज होता खूप, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.”

आता साहेबांची पाळी. पट्टा काढला, घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या. “दातांची कवळी आहे का?” मशीनवाल्यानं विचारलं.

“माझे दात?” साहेब ताठ झाले. “तपासून पाहा, एकही किडलेला नाही.”

“वरची कवळी आहे, तिला तारही आहे,” बाई म्हणाल्या. किडण्याचा प्रश्नच नव्हता.

दात वाटीत गेले आणि काटेसाहेबांच्या भाषेतला अर्धा दरारा त्यांच्याबरोबर गेला. पुढची प्रत्येक तक्रार फुसफुसत बाहेर येत होती.

आत सरकवून पुरते स्थिरावले नसतील तोच चेंडू दाबला गेला. मशीन थांबलं. काय झालं? पाय गार पडले होते. पांघरूण घातलं. पुन्हा सुरू. पुन्हा चेंडू. नाकाला खाज. पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा चेंडू दाबला तो सूचना द्यायला. ठकठक एका लयीत होत नाही, मधेच एक ठोका चुकतो, मशीनची तपासणी कधी झाली होती?

“काका, बोलू नका. हलू नका. कळलं का?” माइकवरून डॉक्टरीण म्हणाली.

साहेबांनी जोरात मान डोलावली. पडद्यावर मेंदूच्या जागी खरवडलेल्या पातेल्याचा तळ दिसला.

शेवटी मशीनवाल्यानं हात टेकले. डॉक्टरणीनं साहेबांना खुर्चीत बसवलं, दात लावू दिले आणि सौम्यपणे सांगितलं की हे फोटो वापरता येणार नाहीत. “निरोगी आहात हो तुम्ही. पण आम्हाला निरोगी आणि स्वस्थ, दोन्ही लागतं.”

“त्यापेक्षा मशीन दुरुस्त करा,” साहेब म्हणाले.

घरी परतताना ते जिन्याचे दोन मजले गप्प चढले. तिसऱ्या मजल्यावर शेजारीण भेटली. “काय, झाला फोटो?” तिनं विचारलं. साहेब थांबले, दम घेतला आणि म्हणाले, “माझा मेंदू त्यांच्या मशीनमध्ये मावला नाही.” बाई पुढे गेल्या आणि कुलूप उघडून आत शिरल्या. डाव्या हातानं किल्ली नीट बसायला वेळ लागला, तो त्यांनी लागू दिला.

आठवडाभरात डॉक्टरणीचा फोन आला. साहेबांनी उचलला, तर तिनं काकूंना मागितलं. काकूंनी दरवर्षी फोटो काढायला यावं, आणि निरोगी माणसाची जागा अजून रिकामी आहे, त्यांच्या वयाचं कुणी ओळखीचं आहे का?

“आहेत ना,” बाई म्हणाल्या. “माझे दीर. तासन्‌तास हलत नाहीत.”

साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. “तो? अगं, तो अर्धवट आहे!”

“तेच बघतील की ते,” बाई म्हणाल्या आणि फोनवर भाऊजींचा पत्ता सांगितला.

भाऊजी गेले, आडवे झाले, ओंडक्यासारखे पडून राहिले आणि पहिल्याच फेरीत बाहेर आले. फोटो इतके स्वच्छ आले की मशीनवाल्यानं शिकाऊ लोकांना बोलावून दाखवले. “कसला विचार करत होता?” डॉक्टरणीनं विचारलं. “कसलाच नाही,” भाऊजी म्हणाले. साहेब म्हणाले, हे तर आपल्याला त्याच्या जन्मापासून माहीत होतं.

पुढल्या वर्षी बाई एकट्याच निघाल्या होत्या, पण साहेब बूट घालून आधीच दारात उभे होते. बाईंचं पाऊल आता थोडं घसटत होतं. जिना उतरताना बाईंनी कठड्याऐवजी त्यांचा दंड धरला आणि साहेब एकेक पायरी थांबत उतरले. भाऊजी तळघरात आधीच येऊन बसले होते. दोघांचे चष्मे, किल्ल्या, घड्याळं आणि भाऊजींच्या खिशातून निघालेला गळाचा आकडा असं सगळं मांडीवर घेऊन साहेब बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई नवऱ्याची वाट पाहत होत्या.

“तुम्ही पेशंट का?” त्यांनी विचारलं.

“छे! पेशंट आमची मंडळी,” साहेब म्हणाले. “मूळ निरोगी माणूस मी. आत गेलाय तो बदली.”

त्या बाईंनी पर्स उचलली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. जाड दारामागे मशीन ठकठकायला लागलं. साहेब बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले, आणि ठोका कुठे चुकतोय ते सांगायला कुणी भेटतंय का ते बघायला लागले.