आज आईंनी दुसरीला झोपेची वाट दाखवली

मंडळी, आज मला माझ्या सासूबाईंचा फार अभिमान वाटला.

मामंजी गेल्यापासून आईंची झोपच उडाली होती. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीऐवजी सवयी बदलायला लावल्या. दुपारी आडवं व्हायचं नाही. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. आई सुरुवातीला फार चिडायच्या. दुपारी डोळा लागू नये म्हणून शेजारी तांदूळ निवडायला जाऊन बसायच्या. पण नेम मोडला नाही. हळूहळू झोप परतली.

आज तपासणीला गेलो तेव्हा बाकावर मुरबाडकडची एक बाई रडत होती. नवरा गेल्यापासून झोप नाही, म्हणाली.

आई तिच्याजवळ सरकल्या. "झोप येत नाय तर पडून राहू नको गो. उठून बस. डोळे मिटायला लागले का मगच जा."

"आणि त्यांची आठवण आली तर?"

"ती येतेच. मला पण येते. तरी सकाळी उठायचं."

त्या बाईने आईंचा हात धरला. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पुढचा नंबर पुकारलाच नाही.

तुमच्या घरी कुणाची झोप उडाली तर तुम्ही काय सांगता? "पडून राहा, येईल झोप" असंच ना?