चव्वेचाळीस राहिल्यात

आमच्या कार्यालयात तिला सगळे रीळबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "नावात काय आहे, पगारपत्रकावर खरं आहे की," म्हणायची. मी नकाशे काढायचे, ती टेपा सांभाळायची. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत आणि एक दार. बावीस वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो.

आमचं काम होतं जमीन मोजायचं. गावाच्या खाली जुनी खाण आहे. कोळसा संपला, माणसं वर आली, खाली पोकळी राहिली. गाव वरून अगदी साधं दिसतं, पण घराघरात दारं आपोआप उघडतात, कपाट लागता लागत नाही, फरशीवर ठेवलेली पेन्सिल स्वतःहून चालू लागते. गावभर आम्ही लोखंडी खुंट ठोकले होते. दर पंधरवड्याला त्यांची उंची मोजायची आणि आकडे टेपवर चढवायचे. गावाचे पट्टे पाडलेले, आणि प्रत्येक पट्ट्याच्या टेपा वेगळ्या. अशा दोनशे बारा टेपा रीळबाईच्या खोलीत फळ्यांवर उभ्या होत्या.

तिची खोली बिनखिडकीची. एक टेप ड्राइव्ह, एक काळा पडदा, एक कीबोर्ड. माउस वगैरे काही नाही. हवं ते अक्षरांत लिहायचं, ड्राइव्हने ते करायचं. स्टेटस लिहिलं की टेप कुठे थांबली आहे ते पडद्यावर येई. रिवाइंड लिहिलं की ती घरघर करत मूळ जागी जाई. इतक्या फायली पुढे जा म्हटलं की मोजून तितक्याच पुढे. तिची बोटं झरझर चालायची, फक्त रिवाइंड लिहिताना मधली दोन अक्षरं हटकून उलटी पडायची. पडदा म्हणे, हा हुकूम कळला नाही. मग ती स्वतःलाच "गधडे" म्हणून पुन्हा लिहायची. हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकत असे.

तिला हे काम मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आधीचे टेपवाले, बुटके, तिरसट, पण कामाला वाघ. त्यांचा एक नियम होता: प्रत्येक टेप वर्षातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून, पुन्हा मूळ जागी गुंडाळून ठेवायची. त्याला रिटेन्शन म्हणतात. "टेप एकाच अंगावर पडून राहिली की चिकटते," मास्तर म्हणायचे. "आजारी माणसाला कूस बदलून देतो ना, तसं." ते निवृत्त झाले, दोन वर्षांत गेलेही. रीळबाईने नियम पाळला.

मग नवे साहेब आले. एकच ड्राइव्ह उरलाय, सुटे भाग मिळत नाहीत, जुन्या टेपा विनाकारण फिरवू नका, असा लेखी आदेश त्यांनी काढला. रीळबाईने दोनदा जाऊन सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आदेशाखाली तिची सही घेतली. ती परत येऊन मला म्हणाली, "जाऊ दे. आपल्या हातात काय आहे?"

त्यानंतर चारेक वर्षांनी ते सुरू झालं.

आधी तिला वाटलं आपणच विसरलो. दुपारी टेप सहाव्या फायलीवर ठेवून वहीत टिपण केलं, थोड्या वेळाने स्टेटस पाहिलं तर टेप अगदी सुरुवातीला. पुढच्या आठवड्यात ड्राइव्हमध्ये वेगळीच टेप. मग फळीवरच्या टेपा. ती लेबलं बाहेर करून लावायची. आता दोन टेपा उलट्या, लेबल भिंतीकडे. चार दिवसांनी तीन. पुढे पाच. एकापुढची एक, क्रमाने.

तिचा संशय शिपायावर गेला. "तूच चाळा करतोस ना रे?"

"बाई, मला त्या खोलीत घामच फुटतो," शिपाई म्हणाला. "पैज लावून सांगतो, झाडायलासुद्धा आत जात नाही. धूळ बघा ना तुम्ही."

धूळ होती खरी. तरी तिने कुलूप बदललं. किल्ली एकच, तीही तिच्या गळ्यात दोऱ्याला. टेपा उलटत राहिल्या.

मग एके दिवशी तिने यंत्रात लिहिल्या गेलेल्या सगळ्या हुकुमांची यादी वेळेसकट काढली. तीन वाजून अकरा मिनिटं: स्टेटस. तीन तेरा: रिटेन्शन. तीन एकोणीस: ऑफलाइन, म्हणजे टेप बाहेर काढ. तीन बावीस: पुन्हा रिटेन्शन. तिने यातलं काहीच केलं नव्हतं. त्या वेळी आपण खुर्चीत बसून आकडे तपासत होतो असं तिला पक्कं आठवत होतं. ती यादीत खाली खाली गेली, आणि एका ओळीवर तिचा हात थांबला. तीन वाजून एकतीस मिनिटांनी कोणीतरी रिवाइंड लिहिलं होतं, मधली दोन अक्षरं उलटी. खालच्या ओळीत दुरुस्त करून पुन्हा.

हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. म्हणाली, "चोर सापडला असता तर बरं झालं असतं गं."

त्यानंतर ती बदलली. चहाला यायची, पण कप हातातच निवून जायचा. घरी भाऊ आणि वहिनी. वहिनीला ती एक दिवस म्हणाली, "मी गॅसजवळ जाणार नाही आता." वहिनी म्हणाली, "म्हणजे? स्वयंपाकातून सुटायची ही नवीन युक्ती का?" भाऊ हसला. तीही हसली.

मग तिने एक गोष्ट केली. एका दुपारी कागदावर लिहिलं, ‘तू जी कोणी असशील, हे कशासाठी करतेस?’ आणि तो कागद कीबोर्डवर ठेवून आपल्या कामाला बसली. तिच्या लेखी ती नुसती बसलीच होती. घड्याळात पाहिलं तर पाऊण तास गेलेला. कागद तिथेच होता. तिच्या प्रश्नाखाली, तिच्याच अक्षरात, तिच्याच पेनाने लिहिलं होतं:

‘चव्वेचाळीस राहिल्यात.’

तो कागद मुठीत धरून ती माझ्या खोलीत आली.

"मघाशी सव्वातीनला तू माझ्या खोलीत आली होतीस?" तिने विचारलं.

"आले होते की. पट्टी मागायला."

"मी काय करत होते?"

"टेप चढवत होतीस. मला म्हणालीस, दार ओढून घे, धूळ येते."

ती खाली बसली. "मी असं काही म्हटलेलं नाही," म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. टेपा मोजल्या तर एकशे अडुसष्ट उलट्या होत्या. दोनशे बारातून वजा केले तर चव्वेचाळीसच. मी तिला डॉक्टरकडे चल म्हटलं. ती म्हणाली, "आधी तू बघ. मी खरंच असते का तिथे, ते मला सांग. मग येते."

म्हणून मी नकाशाचा फळा उचलून तिच्या खोलीत बसू लागले. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी, भर दुपारी, बाहेर शिपायाचा रेडिओ चालू असताना, तिने वही मिटली आणि उठली. अगदी रोजच्यासारखी. चेहऱ्यावर काही वेगळं नाही, डोळे उघडे, पाऊल नीट. फळीवरून टेप काढली, ओढणीने पुसली, ड्राइव्हमध्ये सारली, हुकूम लिहिला. ड्राइव्ह गुरगुरू लागला. ती बाजूला हात बांधून उभी राहिली, मान थोडी कलती, आवाज ऐकत. मी हळूच हाक मारली.

ती वळली. माझ्याकडे पाहून तिने मान झुकवून विचारलं, "मास्तर, एकशे एकोणसत्तर झाली. पुढची घेऊ?"

मास्तर जाऊन बारा वर्षं झाली होती. मी जिथे बसले होते तिथेच त्यांची खुर्ची असायची. ती इतक्या आदराने, इतकी वाट पाहत उभी होती, की माझ्या तोंडून निघून गेलं, "घे."

"हो," ती म्हणाली, आणि तिने पुढची टेप घेतली.

वीसेक मिनिटांनी ती जागेवर येऊन बसली, वही उघडली आणि मला म्हणाली, "अगं, कंटाळलीस का? आज काही होत नाही वाटतं." मी फळीकडे बोट दाखवलं. तिने उठून उलट्या टेपा पुन्हा मोजल्या. ती काय म्हणाली ते मी तिला सांगितलं. मी ‘घे’ म्हणाले, हे मात्र सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला तारा लावून तपासण्या केल्या. म्हणाल्या, मेंदूतली नोंद ठेवणारी जागा अधूनमधून बंद पडते. माणूस चालतो, बोलतो, हातात बसलेलं काम बिनचूक करतो, फक्त त्याची आठवण उरत नाही. फिटचाच एक प्रकार आहे, गोळ्यांनी थांबतो.

रीळबाईने एकच विचारलं, "पण ती नेमकं तेच काम का करते?"

"ती म्हणजे तुम्हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच काम का, हे मला सांगता येणार नाही."

घरी जाताना रस्त्यात ती म्हणाली, "महिनाभर थांबून मग सुरू करू का गोळ्या?" मी तिच्यावर ओरडलेच. रस्ता ओलांडताना झालं तर? जिन्यावर झालं तर? तिने त्याच दिवसापासून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा पूर्ण गुण यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात आणखी अकरा टेपा उलटल्या. मग सगळं थांबलं. एकशे ब्याऐंशीपासून पुढच्या एकतीस टेपा लेबल बाहेर करून तशाच उभ्या राहिल्या.

जागेपणी तिला त्या करता आल्या असत्या. मी सुचवलं होतं. पण एकतर साहेबांचा आदेश होता, आणि खरं कारण म्हणजे त्या खोलीत एकटीने ती घरघर ऐकणं तिला सहन होईना. "मला वाटतं मी कोणाच्या तरी खुर्चीत बसलेय," म्हणाली. मीही आग्रह धरला नाही.

वर्षभराने शाळेमागच्या गल्लीत भिंतींना भेगा पडल्या. नवीन मोजमापावरून काही कळेना. वेग किती, कधीपासून, हे जुन्या आकड्यांशिवाय सांगता येत नव्हतं. साहेब स्वतः टेपांच्या खोलीत आले. त्या पट्ट्याच्या टेपा नव्वदच्या पुढच्या क्रमांकांच्या. रीळबाईने एकेक चढवली. सगळ्या लोण्यासारख्या चालल्या, एकही आकडा गळला नाही. मी दोन दिवसांत नकाशा काढला. ओला पुठ्ठा मधोमध दबावा तशी गल्ली मधोमध बसत चालली होती, आणि तो वेग वाढत होता. अकरा घरं रिकामी केली. लोकांनी आम्हाला शिव्याशाप दिले. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, गल्लीचा मधला भाग आवाजसुद्धा न करता खाली गेला. नुसती धूळ वर आली. माणूस एकही गेला नाही.

साहेबांनी मग सगळ्याच टेपा नव्या यंत्रात उतरवून घ्यायला सांगितलं. एकशे एक्याऐंशी सुरळीत उतरल्या. एकशे ब्याऐंशी लावली आणि ड्राइव्ह किंचाळला. दुसरा शब्द नाही त्याला. माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं. टेप बाहेर काढली तर तपकिरी भुगा, आणि फीत फितीला चिकटलेली. पुढच्या तीसही तशाच. साहेब म्हणाले, "एवढ्याच कशा खराब झाल्या?" रीळबाई भुगा कागदात गोळा करू लागली.

त्या एकतीस टेपा बाजारामागच्या पट्ट्याच्या होत्या. रीळबाईच्या भावाचं घर त्याच पट्ट्यात आहे.

त्या संध्याकाळी ती वहिनीला म्हणाली, आपण घर सोडू या. वहिनी चिडली. "भेग आहे का एक तरी? पुरावा काय तुझ्याकडे?"

"पुरावा नाही, म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली.

भाऊ दोन महिने बोलला नाही, पण अखेर ते टेकडीकडच्या भाड्याच्या घरात गेले. जुन्या घरात आता एक शिंपी राहतो. त्याला सगळं सांगूनच दिलं. तो म्हणाला, भाडं कमी करा, बाकी माझं मी बघतो. घर अजून उभं आहे. नवे खुंट ठोकलेत, पण आकड्यांवरून काही म्हणता यायला आणखी दहा वर्षं तरी लागतील.

रीळबाई निवृत्त झाली. तब्येत चांगली आहे, गोळ्या चुकवत नाही. मी महिन्यातून एकदा जाते. गप्पांत कोणी सहज "तू परवा म्हणाली होतीस ना" असं म्हटलं की ती बोलणाऱ्याकडे टक लावून बघते, आणि "मी नेमकं काय म्हणाले ते सांग," म्हणून मागेच लागते. वहिनीने आता ते वाक्य उच्चारायचंच सोडून दिलंय.

मागच्या खेपेला निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "माझ्याहून ती कामाला चांगली होती, नाही?"

मी चपला घालत होते. "रिक्षा मिळेल ना गं इथे?" मी विचारलं. ती म्हणाली, कोपऱ्यावर मिळेल.